पाहिलं म्हणणारी

४ सप्टेंबर

आलो बाई एकदाचे! सामानाची गाडी अर्धा दिवस उशिरा आली, गाडीवाल्याशी माझं कडाक्याचं वाजलं, आणि बाबा नव्या घराच्या पायरीवर बसून आमचं भांडण सामना बघावा तसं बघत होते. शेवटी गाडीवाल्याने कपाट फुकटात वर चढवून दिलं. बाबा म्हणाले, आमच्या फौजदारापुढे कोणाचं चाललंय! लहानपणापासून मला फौजदारच म्हणतात. नाव ठेवलं कशाला होतं, देव जाणे.

घर बेताचं आहे, पण उजेड भरपूर. बाबांच्या खोलीला मोठी खिडकी आहे, पलंगावरून रस्ता दिसतो. दुकान इतकं जवळ की दुपारी जेवायला घरी येता येईल. त्याच्यासाठीच तर ही नोकरी धरली. बाबांच्या हाडांत दुखणं पसरल्यापासून त्यांना फार वेळ एकटं ठेवायला माझा जीव धजत नाही. आम्हाला एकमेकांशिवाय आहे कोण?

गोळ्या गिळवत नाहीत म्हणून मॉर्फिनचं पातळ औषध चालू आहे. बिनसुईच्या पिचकारीवर मी चिकटपट्टीची खूण करून ठेवली आहे. तिथपर्यंत ते स्वतः भरतात. जन्मभर गोदीत क्रेन चालवली, हात अजून दगडासारखे स्थिर आहेत. पण घेण्याआधी दर वेळी विचारतात, पाहिलंस? मी बाटली बघते, खूण बघते आणि सांगते, पाहिलं. मगच घेतात. क्रेनवर असताना खालच्या माणसाला असंच ओरडून विचारायचे, आणि त्याचं पाहिलं ऐकल्याशिवाय ओझं उचलायचे नाहीत. सवय ती सवय. आजही विचारलं, मीही सांगितलं, आणि आता खुशाल घोरताहेत.

६ सप्टेंबर

दुकान बघून जीव सुखावला. रुग्णालयाच्या मागच्या रस्त्यावर, लांबट, स्वच्छ, लाकडी खणांच्या उंच भिंती आणि वरच्या खणांसाठी सरकती शिडी. मालक गोडबोले आहेत. स्वतःही औषधनिर्मातेच आहेत, पण हात चालतात कमी आणि तोंड जास्त. गल्ल्यावर त्यांची थोरली बहीण बसते. तिला सगळं गाव अक्का म्हणतं. चेहरा असा की चुकून हसली तर भिंतीला तडा जाईल. पण मला पहिल्याच दिवशी आपल्या डब्यातलं वाढलं, म्हणून माझं मत चांगलं आहे.

मागच्या कोपऱ्यात लोखंडी कपाट आहे. अफूच्या जातीची सगळी औषधं त्यात. दोन कुलुपं, एक किल्ली माझ्याकडे, एक मालकांकडे. एकट्याने कपाट उघडायचंच नाही. नियम सगळे नीट आहेत. रोग्याचं नाव आणि जन्मतारीख आपण वाचून दाखवायची नाही, त्याला म्हणायला लावायची. चिठ्ठीबद्दल शंका आली तर डॉक्टरला फोन करायचा, तोही चिठ्ठीवरच्या नव्हे, आपल्याकडे असलेल्या नंबरावर. मॉर्फिनच्या बाटल्या दोन प्रकारच्या, साधी आणि जहाल. जहाल बाटली साधीच्या दहापट जोराची. तिच्यावर तांबडा पट्टा, आणि तिचा कप्पा वेगळा. आपलं लेबल त्या पट्ट्यावर कधीही चिकटवायचं नाही, पट्टा उघडा दिसला पाहिजे. आणि शेवटी दुसऱ्याने येऊन बाटली, चिठ्ठी, लेबल, तिन्ही एकापुढे एक ठेवून बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, पाहिलं. ते ऐकल्यावरच औषध गिऱ्हाइकाच्या हातात.

घरी येऊन बाबांना हे सांगितलं तर खूश! म्हणाले, म्हणजे तुझ्या दुकानातही क्रेन आहे तर.

९ सप्टेंबर

तळपायाची आग मस्तकात गेली आज.

मालक पाहिलं म्हणतात, पण बघत नाहीत. आतल्या खोलीत फोनवर कुणाशी तरी गप्पा हाणत असतात, मी बाटली काढून ठेवते, हाक मारते, आणि ते तिथूनच पाहिलं असं ओरडतात. भिंतीतून दिसतं की काय त्यांना? आज मी बाटली हातात धरून तशीच उभी राहिले. गिऱ्हाईक ताटकळलं, रांग लागली. मालक बाहेर आले तर मी म्हटलं, या, बघा, मग म्हणा. गिऱ्हाइकांसमोर म्हटलं. ते हसले. इतकी वर्षं असंच चाललंय, काही बिघडलं नाही, असं म्हणाले. अक्कांनी खाली मान घातली आणि उगाचच नाणी सारखी करत बसल्या.

दुसरं भांडण उताऱ्यावरून. मॉर्फिन जास्त झालं आणि श्वास मंदावला तर नाकात मारायचा फवारा येतो. तो हाताशी हवा. खरं तर मॉर्फिनच्या प्रत्येक बाटलीबरोबर घरी द्यायला हवा. मालकांनी तो दोन कुलुपांच्या आत ठेवलाय. म्हणे महाग आहे, चोरीला जाईल. मी म्हटलं, जीव जात असेल तेव्हा मी दुसरी किल्ली कुठे शोधत फिरू? म्हणाले, बघू. त्यांचं बघू म्हणजे नाहीच.

असू दे. मीपण फौजदार आहे.

१५ सप्टेंबर

मी हात धुवून मागे लागले तेव्हा कुठे मालक उठून यायला लागले. तोंड वाकडं करून का होईना, बघतात.

आज दुपारी एक गंमत झाली. एका म्हाताऱ्या बाईंसाठी अंगावर चिकटवायच्या वेदनाशामक पट्ट्या द्यायच्या होत्या. कपाट मालकांनी माझ्याबरोबर उघडलं आणि ते कुठे तरी गेले. मी पट्ट्या, चिठ्ठी, लेबल मांडलं, हाक मारली. पाठीमागून अगदी जवळून आवाज आला, पाहिलं. मी पट्ट्या देऊन टाकल्या. मग लक्षात आलं, मालक तर समोरून, रस्त्यावरून येताहेत.

आवाज बाईचा होता. खालच्या पट्टीतला, दमल्यासारखा. अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, मी काय औषधातली आहे पाहिलं म्हणायला? आणि नंतर दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. कान वाजले असतील. झोप कमी होतेय खरी.

१९ सप्टेंबर

दुकानाच्या बरोबर समोर एक बंद लाँड्री आहे. धुळकट काच, आत लांब टेबल, त्यावर एक इस्त्री उभी करून ठेवलेली. कोणी तरी आत्ताच कामातून उठून गेल्यासारखी. मी रोज बघते, आज लिहिते, कारण आज दुकानात तोच वास होता. ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरवल्यावर येतो तो. मी मालकांना विचारलं तर त्यांनी नाक वर केलं आणि काहीच येत नाही म्हणाले.

आणि आज मी चुकले. लिहायचीसुद्धा लाज वाटते. रांग मोठी, एक बाळ सारखं रडत होतं, आणि मी साधीऐवजी जहाल बाटली उचलली. लेबल लावलं, पट्टा उघडा होता तरी माझ्या डोळ्यांना दिसला नाही. मालकांना हाक मारली. आतून त्यांनी जुन्या सवयीने पाहिलं फेकलं. मी बाटली उचलली आणि हात भाजला! खरंच भाजला. बोटांवर फोड आहे, आत्ताही लिहिताना दुखतोय. बाटली खाली ठेवली आणि तेव्हा तांबडा पट्टा दिसला. समोर गिऱ्हाईक, एक नवरा, बायकोसाठी औषध न्यायला आलेला, माझ्याकडे बघून हसत होता बिचारा.

बाटली बदलली. साधी काढून ठेवली, तेव्हा मागून आवाज आला, पाहिलं. या वेळी मी वळून बघितलं. दुसऱ्या माणसाने जिथे उभं राहायचं तिथे कोणी नव्हतं. फरशी गरम होती.

२४ सप्टेंबर

आता मालकांना हाका मारतच नाही. कपाट उघडायला येतात तेवढे पुरे. बाकी तिचं काम.

मला वेड लागलंय असं कोणाला वाटलं तर वाटो. ती कधी चुकत नाही. सगळं बरोबर असेल तर पाहिलं म्हणते, नसेल तर गप्प बसते. मग मी पुन्हा तपासते आणि दर वेळी काही तरी सापडतंच. पगार न घेता असा माणूस मिळतो कुठे? बाबांना म्हटलं, मला एक चांगली जोडीदारीण मिळालीय. त्यांनी विचारलं, आणि तिचं पाहिलेलं कोण बघतं? मी म्हटलं, बाबा, झोपा आता.

मालकांच्या पांढऱ्या कोटावर आज पाठीत इस्त्रीचा डाग निघाला. तपकिरी, टोकदार, पुरा इस्त्रीएवढा. कोट खुंटीला होता. माझ्यावर ओरडले. मी हसू दाबलं, पण ते त्यांनी बघितलंच.

२८ सप्टेंबर

मी त्या माणसाला सोडणार नाही.

सकाळी कपाटात एक बाटली कमी होती. मालकांनी भर दुकानात, रांग लागलेली असताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की तुमच्या बाबांना हल्ली औषध जास्त लागतं का. मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मला! ज्या घरात चिकटपट्टीच्या खुणेवर एक थेंब चढू देत नाही त्या घरातल्या माझ्यावर हा आळ! गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. ज्या शेजारणीने पहिल्या दिवशी बाबांसाठी खीर आणली होती तीही त्यांत.

दुपारी बाटली त्यांच्याच खणात सापडली. कुण्या ओळखीच्याला बिनचिठ्ठीची द्यायला काढून ठेवली असणार. हसून म्हणाले, विसरलो की हो! माफी नाही, काही नाही. रांगेतली माणसं कधीच घरी गेली होती, त्यांना कोण सांगणार?

बाबांना यातलं काही सांगितलं नाही. चेहरा बघून त्यांनी ओळखलं बहुतेक. डोक्यावर हात ठेवून बसले नुसते. मला इतका राग आलाय की दात दुखताहेत.

३० सप्टेंबर

अक्का बोलल्या. मालक बाहेर गेले होते. मी काही विचारलं नव्हतं, त्या आपणहूनच समोरच्या लाँड्रीकडे बघत बोलत सुटल्या.

तिथे एक इस्त्रीवाली होती. एकटी बाई आणि तिची तरणी मुलगी. लाँड्रीतल्या वाफेने मुलगी भाजली. रुग्णालयातून घरी सोडलं, दुखण्यावर मॉर्फिनचं साधं औषध लिहून दिलं. इथून जहाल बाटली गेली. माझ्या आधी इथे जी होती तिने काढली, तांबड्या पट्ट्यावर लेबल डकवलं, आणि मालक आतल्या खोलीतून पाहिलं म्हणाले. आईने खुणेपर्यंत मोजून आपल्या हाताने पाजलं. मुलगी झोपली ती उठली नाही.

मग मालकांनी सगळीकडे सांगितलं की बाईने चमच्याने वाटेल तेवढं पाजलं, तिला मोजता येत नव्हतं. लोकांना पटलं. दुकान मोठं, मालक गोडबोले. बाईकडे कपडे टाकायचे बंद झाले. पोरीला मारणारी म्हणायला लागले तिला. ती रोज यायची, इथे, दुसऱ्या माणसाच्या जागेवर उभी राहायची आणि एवढंच विचारायची, कोणी पाहिलं होतं? ओरडायची नाही. मालक तिला बाहेर काढायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. एके दिवशी आली नाही. लाँड्रीत टेबलाजवळ पडलेली सापडली. इस्त्री चालूच होती.

अक्कांना मी विचारलं, तुम्हाला खरं माहीत होतं ना? त्या म्हणाल्या, भाऊ आहे माझा. माझ्या आधी इथे जी होती तिचं काय झालं ते मात्र सांगेनात. तिला एक लहान भाऊ होता एवढंच म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

मी रडले. मग रडू गेलं आणि उरला तो राग. आज ती मागे उभी होती तेव्हा मी हळूच म्हटलं, बाई, तुमचं बरोबर आहे. त्याला भोगायला लावलं पाहिजे. मानेवर गरम वाफ आली.

३ ऑक्टोबर

मालक शिडीवरून पडले. भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत. वरच्या खणातलं काही काढत होते आणि एकदम ओरडले, चटका बसल्यावर ओरडतात तसे, आणि हात सोडले. खांदा मोडला. शिडीच्या दांड्याला मी नंतर हात लावून बघितला. कोमट होता.

रुग्णालयात नेलं, खांदा बांधला. अक्का म्हणतात, रात्रंदिवस कण्हताहेत.

माझ्या मनात आलं ते लिहून टाकते. कण्हू दे.

४ ऑक्टोबर

काल घरीही वास आला. बाबांच्या खोलीत.

बाबा म्हणाले, कोणी तरी माझ्या चादरी इस्त्री करतंय वाटतं, ऊबदार लागतात. ते हसले. मला नाही हसू आलं.

तिला इथे काय काम? — तिचं जे काही आहे ते दुकानात. मालकांशी.

५ ऑक्टोबर, दुपारी

झालं.

मालकांना घरी सोडलं. त्यांनाही गोळ्या गिळवत नाहीत. मॉर्फिनचं साधं पातळ औषध. चिठ्ठी घेऊन अक्का आल्या, मालकांची किल्ली त्यांच्याजवळ. बाबांचीही बाटली आजच संपत होती, त्यांची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये. दोन बाटल्या काढल्या, दोन्ही साधीच्या कप्प्यातून. शपथेवर सांगते, साधीच्याच. टेबलावर ठेवल्या तर एकीवर तांबडा पट्टा.

मी अजून लेबलसुद्धा छापलं नव्हतं — आणि मागून, कानाशी — पाहिलं.

मला कळलं. तिला काय हवंय ते कळलं. मी ती बाटली परत ठेवायला हवी होती. अक्का समोर उभ्या होत्या, बघत नव्हत्या. मालक म्हणालेत लवकर, एवढंच सारखं म्हणत होत्या. मला ती रांग आठवली. शेजारीण आठवली. ती बाई आठवली, रोज येऊन एकच प्रश्न विचारणारी.

मालकांचं लेबल त्या बाटलीवर लावलं. पट्ट्यावरच लावलं. पट्टा पूर्ण झाकला.

त्याच क्षणी वाफ आली, इतकी की चष्मा पांढरा झाला. काही दिसेना. चाचपडत दुसरं लेबल दुसऱ्या बाटलीला लावलं. एक पिशवीत, एक पर्समध्ये. अक्कांना पिशवी दिली. चष्मा पुसला तोवर त्या गेल्या होत्या. आवाज पुन्हा आला, पाहिलं. खूश वाटला.

दुकान बंद करून घरी आले. बाबांच्या उशाशी बाटली ठेवली, पिचकारी ठेवली. स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. पश्चात्ताप नाही. आता त्यालाही कळेल, आतल्या खोलीतून ओरडण्याने काय होतं ते. कोणी पाहिलं होतं म्हणून कोणी तरी विचारेल, तेव्हा बघू काय सांगतो. माझ्या बाबांना चोराचे बाप ठरवतो काय!

बाबा आतून विचारताहेत, पाहिलंस?

पाहिलं, म्हटलं.

चहा टाकावा का? नको. आधी लिहून संपवते. त्या मुलीच्या आईला मी वचन दिलं होतं, असं समजू. तिला आता शांत झोप लागेल. मलाही. गावातल्या एकेकाला मी स्वतः जाऊन सांगेन की

घर फार शांत आहे. बाबा औषध घेतल्यावर घोरतात.

५ ऑक्टोबर, संध्याकाळ

बाबांचं लेबल. एक कोपरा सुटलाय. खाली तांबडं. मालकांच्या लेबलाने झाकलेला पट्टा इथे आला कसा?

रुग्णवाहिका निघालीय. फोनवरच्या बाईंनी सांगितलं, हलवत राहा, हाक मारत राहा, श्वास थांबलाच तर तोंडाने द्या. आणि श्वास आला की कागदावर एक रेघ ओढा, येणाऱ्या माणसांना दाखवायला. हाच कागद हाताला लागला.

— —

डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ओठ निळसर. बाबा, उठा ना. फौजदार आलाय, उठा.

—

अक्कांना फोन केला. उतारा कपाटात. माझी किल्ली इथे, दुसरी त्यांच्याकडे, त्या गावाच्या त्या टोकाला. मालक कसे आहेत विचारलं. उशीला टेकून बसलेत, चहा मागताहेत, औषध अगदी बेताचं आहे म्हणून कुरकुरताहेत. मी सांगितलं. सगळं सांगितलं, मीच लावलं लेबल, मीच. मग तिकडून विचारलं —

कोणी पाहिलं होतं?

असंच विचारलं. त्यांचा आवाज नव्हता. मग फोन — नंतर पुन्हा त्याच, रडत, निघाले म्हणाल्या, निघाले, धर त्यांना —

—

उशीचा अभ्रा कडक इस्त्रीचा. गरम. मी इस्त्री केलेली नाही. या घरात इस्त्री नाही.

बाई, हे माझे बाबा आहेत. यांनी तुमचं काही केलं नाही. मी तुमच्या बाजूची आहे, मी तर तुमच्यासाठी — त्याने केलं, तो तिकडे चहा पितोय, त्याच्याकडे जा ना —

—

माझ्या आधीची. तिचा लहान भाऊ. तोही असाच गेला असणार. आता कळलं. ही बाई बाजू घेत नाही कोणाची. न बघता पाहिलं म्हटलं की —

डावा हात छातीवर आहे. उजव्यात पेन. छाती वर येते की मीच हात उचलतेय —

— —

या दोन रेघा ओढल्या तेव्हा मी कागदाकडे बघत होते. श्वास होता ना? असणार. होता. रेघ आहे म्हणजे होता.

—

गाडीचा भोंगा. लांब आहे अजून.

पलंगाच्या पलीकडे ती उभी आहे. वर बघत नाही मी. पदर दिसतोय, ओला, वाफ निघतेय. आज म्हणत नाहीये. विचारतेय. बाबा विचारतात तसं, तसंच —

पाहिलंस?

—

ही रेघ कसली ओढली मी. हात हलला नव्हता. छाती हलली नव्हती.

बघते. बघते बाई, आता खरंच बघते. मान वर करते. बाबा, थांबा हं, मी पाह